दिव्याभोवती तीन कडी

प्रिय ठिणगी,

तू रागावली आहेस हे कळतंय मला. फोन केला की तालीम चालू आहे म्हणतेस, आणि मागून तुझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. राग धर, हक्क आहे तुझा. तू पहिल्यांदाच नाटक बसवतेस, पुढच्या महिन्यात पडदा उघडणार, आणि जन्मभर लोकांच्या नाटकांना दिवे देणाऱ्या तुझ्या बापाने नेमकं तुझ्याच नाटकाला नाही म्हटलं. वर अक्कल पाजळली ती वेगळीच. तुझ्या नाटकाच्या शेवटी घरमालकीण खानावळ बंद करून निघून जाते आणि रिकाम्या रंगमंचावर तिचा टेबललॅम्प तेवढा जळत राहतो, असल्या एका दिव्यावर नाटक संपत नसतं, लोक चपला शोधायला लागतात, असं मी तुला सुनावलं. आता चहा घेऊन बस. पत्र लांबणार आहे, आणि मला मधे तोडायची सोय नाही.

माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं असं तुला सांगितलं होतं, ते अगदी खरं आहे. डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं, तेही साधं नव्हे. जवळचं, मधलं, लांबचं, सगळं एकातच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मला कळलं की आपल्या बैठकीची भिंत पांढरी आहे. ती पिवळट झाली म्हणून मी तुझ्या आईशी दोन वर्षं भांडत होतो, रंगाऱ्यालाही बोलावून परत पाठवलं होतं. मग काय, चष्मा काढून ठेवला आणि औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं सगळ्यांना वाचून दाखवत सुटलो. शेजारीण दार उघडायची बंद झाली. तुझ्या आईकडे नीट बघून मी विचारलं, की बाई गं, इतके केस कधी पिकले? ती म्हणाली, तुम्ही दौऱ्यावर होतात तेव्हा. मी पुढची बाटली वाचायला घेतली.

गंमत संध्याकाळी सुरू झाली. रस्त्यावरचे दिवे लागले आणि प्रत्येकाभोवती गोल गोल कडी, एकात एक, तीन तीन. समोरून मोटार आली की तिच्या दिव्यांना चारी बाजूंनी काटे फुटायचे. चंद्र तर असा दिसला, की त्याला कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून तसाच सोडून दिलाय. मी तुझ्या आईला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि कौतुकाने सगळं दाखवलं. तिला अर्थातच काही दिसेना. म्हातारा कविता करायला लागला, असं तिने तुझ्या मावशीला फोनवर कळवलं.

कौतुक टिकलं ते मी कामावर परत जाईपर्यंत. ते सासऱ्या-जावयाचं विनोदी नाटक तुला माहीत आहे, शंभरावर प्रयोग झाले, दिवे मी झोपेतही देईन. मागच्या दिव्यांच्या खोलीत बसलो, पडदा उघडला, आणि वरच्या दांडीवरच्या दिव्यांनी माझ्यावर एकदम हल्लाच केला. सगळीकडे कडी आणि काटे, त्यामागे माणसं कुठे आहेत तेच कळेना. मला वाटलं, कुणीतरी दिवे नको तेवढे वाढवून ठेवलेत. मी ते मंद करत उतरवायला लागलो. थोडे उतरवले, कडी फिकट झाली. आणखी उतरवले, जवळजवळ गेली. मला विचारशील तर रंगमंच सुरेख दिसत होता, शांत, मऊ. बाकी लोकांना काय दिसत होतं ते सासरा टीपॉयवर जाऊन बसला तेव्हा समजलं. त्याला ती खुर्ची वाटली. माणूस केवढा, टीपॉय केवढा, दोन्ही खाली आले. एवढा मोठा हशा त्या नाटकाला कधी मिळाला नव्हता. मॅनेजर नंतर मला विचारायला आला, की हे रोज जमेल का.

मी हसण्यावारी नेलं गं. पण घरी येऊन जेवण गेलं नाही. तीस-पस्तीस वर्षं ज्या डोळ्यांवर पोट भरलं, त्यांनीच मला फसवलं होतं. आणि तुझा फोन आला तो त्याच आठवड्यात. तू तुझं नाटक वाचून दाखवलंस, शेवटच्या पानावर आलीस, आणि मला दिसलं काय, तर पूर्ण अंधार आणि मधोमध एकच उघडा दिवा. माझ्या या डोळ्यासाठी यापेक्षा वाईट शेवट कुणाला सुचलाच नसता. तुझ्या नाटकात कुणी टीपॉयवर बसलेलं मला चाललं नसतं. पण ते सांगायची लाज वाटली. मग दोष माझ्या डोळ्यातून काढून तुझ्या प्रवेशात नेऊन ठेवला.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की कडी दिसतील हे त्या ऑपरेशनच्या आधीच बोलल्या होत्या, आणि मी जोरजोरात मान हलवली होती. हलवली असेल. चष्मा जाणार एवढंच मी ऐकलं, पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बहुतेकांच्या मेंदूला काही महिन्यांत सवय होते, कुणाकुणाला थोडं राहतं, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या डोळ्यात कोणतं भिंग घालायचं ते त्यानंतर बघू. तेव्हा तुझ्या नाटकाचे दिवे माझ्याने होणार नाहीत, हे तसंच राहतं. म्हणून मी परवा लख्खकडे गेलो. हो, तोच तुझा लख्खकाका, जो मरणाचा प्रवेशही लग्नाच्या हॉलसारखा उजळून टाकतो आणि ज्याचं हे नाव मीच पाडलं. त्याला सगळं सांगितलं. आधी तो पोट धरून हसला, मग म्हणाला, पोरीचं काम आहे, पैशाचं बोललास तर जिन्यावरून ढकलीन. उद्या तो तुला फोन करेल. त्याच्यावर नजर ठेव, आणि हात आवर म्हणून सांग.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल तुझी आई सहज बोलून गेली, की तू शेवट बदललास. बाबांना यातलं कळतं म्हणून तो दिवा काढून टाकलास, आता घरमालकीण जाण्यापूर्वी चांगलं पानभर बोलते म्हणे. मला बसल्या जागी घाम फुटला. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर आपला जुना लॅम्प लावला, घरातले बाकी सगळे दिवे घालवले आणि तू पाठवलेला तुझा जुना शेवट त्या उजेडात, बिनचष्म्याने, तुझ्या आईला वाचून दाखवला. मग कागद ठेवला आणि दोघं नुसते त्या दिव्याकडे बघत बसलो. तुझी आई, जी माझ्या प्रत्येक नाटकात दुसऱ्या अंकाला झोपते, ती टक्क जागी होती. मग तिने हळूच विचारलं, की ती बाई परत येते का हो? मी तो लॅम्प रात्रभर तसाच जळत ठेवला. ठिणगे, मी तुला खोटं सांगितलं. तो दिवा परत ठेव. पानभर बोलणं फाडून टाक. आणि माझ्यासाठी मधल्या रांगेतली एक खुर्ची राख. आजवर प्रत्येक नाटक मी दिव्यांच्या खोलीतूनच पाहिलं, हे लोकांमध्ये बसून बघायचंय. त्यांना तिथे एकच दिवा दिसेल. मला त्याच्याभोवती तीन कडी दिसतील, आणि मी डोळे मिटणार नाही.

चपला न शोधता बसून राहणारा,
तुझाच बाबा