तिसरं माप

४ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. (खरोखरचा साष्टांग घातला तर तिन्ही कुत्री पाठीवर चढतात, म्हणून कागदावरचाच गोड मानून घे.)

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता. पण फोनवर तू बरं-बरं म्हणत चौकटीच्या काचा कापत राहतोस आणि मला उगीच वाटतं की तू ऐकतोयस. वाचायला निदान हात थांबवावा लागतो.

काम असं की मला नवीन कुत्रं आणायचंय, अडथळ्यांच्या शर्यतीसाठी. वहिनीला आत्ताच सांगू नकोस, ती कपाळाला हात लावील. घरात तीन आहेतच. कारभारीण तेरा वर्षांची झाली, बघते एका डोळ्याने पण घर दोन्ही डोळ्यांनी चालवते. टिंबू म्हणजे आमचं लिंबूटिंबू, बाजारामागच्या गल्लीत खोक्यात सापडलेलं. आईबाप कोण ते देव जाणे, खुर्चीखालून न वाकता जातो एवढीच त्याची उंची. आणि तिसरी भिंगरी.

तिचा खांदा डॉक्टरांनी परवा पुन्हा दाबून पाहिला. चालेल, जिना चढेल, पण उडी आता विसरा, असं त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. सहा वर्षांची आहे रे फक्त. मी लॅबमध्ये कवळ्यांचे साचे ओतते, प्लॅस्टर सुकेपर्यंत बसून राहते, आणि खिशात हात गेला की अजून बिस्किटाचा चुरा लागतो.

सगळे म्हणतात बॉर्डर कॉली घे, पळण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पिल्लंवाल्या बाईंकडे एक मादी आहे, पंचवीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. पण कॉलीला कुणाला तरी सतत वळायची खोड. मेंढ्या नाहीत म्हणून ती कारभारणीलाच वळत बसली तर? शिवाय दोन माद्या आहेतच, तीन तिगाडा काम बिगाडा. शेल्टी भुंकून घर डोक्यावर घेते म्हणे. आमचे हे म्हणतात, काहीही आणा, घरात माणसं अल्पसंख्य झालीच आहेत.

कुत्र्यांच्या क्लबात बारा वर्षं तू उंचीच्या मापाचा स्टँड घेऊन बसलास, तुला नाही विचारायचं तर कुणाला? त्रेचाळीस सेंटिमीटरच्या वर एकच मिलिमीटर भरली म्हणून तू सख्ख्या बहिणीच्या भिंगरीला मध्यम गटातून उचलून मोठ्या गटात टाकलंस, उडीची काठी वीतभर वर गेली. अजून लोक त्याचा दाखला देतात. तेव्हा तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लोभ आहेच, वाढवायचा तर लवकर उत्तर देऊन वाढव.

तुझी,
चिमणी


९ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीनेच फोडलं, त्यामुळे गुपिताचा प्रश्न मिटला. तिने कपाळाला हात लावला नाही, नुसती मान हलवली. ते जास्त वाईट.

कॉली घेऊ नकोस. कुत्रं वाईट नाही, पण तिला दिवसभर काम लागतं आणि तू दिवसभर लोकांचे दात करत असतेस. काम नाही मिळालं की ती स्वतः शोधते, आणि तुझ्या घरात शोधायला फार लांब जायला नको, कारभारीण समोरच बसलेली आहे. आणायचंच तर नर आण. दोन माद्यांत तिसरी शिरली की आठ महिने सगळं गोड असतं, मग एक दिवस दाराच्या चौकटीत कुणी आधी जायचं यावरून रक्त निघतं. मी पाहिलंय.

माझं ऐकशील तर लहान जात बघ. पॅपिलॉन बघ. शेल्टी भुंकली तर भुंकू दे, पण तिचे आईबाप दोघंही पस्तीसच्या, म्हणजे लहान गटाच्या हद्दीच्या, चांगले आत आहेत ना, ते विचारून घे. कुंपणावरचं कुत्रं आणू नकोस. मोठ्या गटाच्या जवळपास जाईल असं काहीसुद्धा नको. हे मी नीट विचार करून लिहितोय.

तुझ्यासाठी माप घ्यायला मी आता येणार नाही. स्टँड माळ्यावर टाकलाय. वाकलं की गुडघा धरतो, क्लबाला दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं.

दुकानात बरं चाललंय. एका मोठ्या आरशाची काच काल दोनदा चुकली, अशी चूक माझ्याकडून सहसा होत नाही. भिंगरीच्या खांद्याला शेक देतेस का? किती वेळ देतेस? जिना ती आपण होऊन चढते की तू उचलतेस, ते सविस्तर लिही.

घरी सगळ्यांना, चारपायांच्यांनाही, आशीर्वाद.

तुझा,
दादा


१४ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पॅपिलॉन म्हणजे पावडर लावायचा पफ, दादा. तो आमच्या कारभारणीने एकदा हुंगला तर नाकात जाईल.

परवा पिल्लंवाल्या बाईंकडे जाऊन आले. भिंगरीला मुद्दाम नेलं होतं, घरची माणसं आधी भेटलेली बरी. पिल्लू मोठं चलाख आहे. एक कान उभा, एक आडवा, आणि नजर अशी की आपणच तिला मुलाखत देतोय. तिने भिंगरीचा दुखरा पाय हुंगला आणि त्याच पायाला टेकून झोपून गेली. भिंगरी हलली नाही. घरी येताना मागच्या सीटवर ती मात्र माझ्याकडे पाठ करून बसली होती.

तू विचारलंस म्हणून लिहिते. शेक देते, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. जिना ती आपण होऊन चढते, मधल्या पायरीवर थांबते आणि बाहेर बघण्यासारखं काही असल्याचं सोंग करते. पण मला जे सोसत नाही ते वेगळंच आहे. दाराजवळच्या खुंटीवरचे पळायचे बूट मी हातात घेतले की ती झोपेतून उठते, अंग झटकते आणि दाराशी जाऊन उभी राहते. मग मी बूट परत टांगते आणि चपला घालते. आता ते कपाटात कोंबून ठेवलेत. आपल्याच घरात चोरी केल्यासारखं वाटतं.

आता खरं सांग, तुझं काय चाललंय? मी जातीचं विचारलं आणि तू दोन पानांत पाचदा मापाचं लिहिलंस. वहिनी फोनवर म्हणाली की तुझा गुडघा ठणठणीत आहे, गेल्या आठवड्यात तू तिसऱ्या मजल्यावर चौकट पोचवून आलास. तेव्हा सबबी पुरे. स्टँड घेऊन ये आणि पिल्लाच्या आईबापांना मोज. बारा वर्षांत कुणापुढे न झुकलेल्या माणसाचं माप मला हवंय.

लोभ आहे म्हणूनच खोदून विचारते.

तुझी,
चिमणी


१८ मार्च

चि. चिमणीस,

आशीर्वाद खाली लिहितो, आधी हे वाच.

गुडघ्याचं खोटं होतं. स्टँड मी भिंगरीचा खांदा गेला त्याच आठवड्यात माळ्यावर टाकला.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस तुला आठवत असेल. भिंगरी पहिल्यांदा मापाला आली, तू समोर उभी होतीस, मागे सात-आठ जणांची रांग. पहिलं माप आलं बेचाळीस सात. दुसरं बेचाळीस आठ. दोन्ही त्रेचाळीसच्या आत. नियमाप्रमाणे मी तिथेच थांबून मध्यम गट लिहायला हवा होता. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं की घरचंच माप आहे, बसणारच. ते मला झोंबलं. मी पुन्हा पट्टी उचलली. तिसऱ्या वेळी भिंगरीने मान उंच केली, पुढच्या पायांवर ताणून उभी राहिली. का कोण जाणे, मला ओळखून खूश झाली असेल. पट्टी त्रेचाळीस एकवर टेकली. मी तेच एक माप लिहिलं, आधीची दोन्ही लिहिलीच नाहीत.

त्या दिवसापासून क्लबात माझं नाव झालं. प्रामाणिक म्हणवून घेण्यासाठी मी खोटं लिहिलं, चिमणे, आणि त्याची किंमत त्या मुक्या जिवाने दिली. दोन वर्षं, प्रत्येक उडी वीतभर जास्तीची. गेल्या हंगामात शेवटून दुसऱ्या काठीवरून उतरताना ती कोसळली, तेव्हा मी मैदानाच्या कडेलाच होतो. तू धावत गेलीस. मी गेलो नाही. माझ्याच्याने गेलंच नाही.

तू दर पत्रात माझ्या करारीपणाची थट्टा करतेस आणि मला पुढची ओळ वाचवत नाही. म्हणून लहान जात घे, लहान जात घे, असा धोशा लावला होता. तुझ्या वहिनीला हे आज सांगितलं. ती म्हणाली, मला नको सांगू, बहिणीला सांग.

पिल्लू घे किंवा नको घेऊस, पण माझ्या सल्ल्याने घेऊ नकोस.

अजून चालत असतील तर अनेक आशीर्वाद. लोभ मागत नाही. रागाचं का असेना, पत्र येऊ दे.

दादा


२९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

उत्तराला अकरा दिवस लागले. तुला वाटलं असेल, चिमणी रागावली. तीन कागद फाडले तेव्हा हा चौथा.

भिंगरीने मान का उंच केली ते मला माहीत आहे. मी बिस्कीट वर धरलं होतं.

दादा, मी तिला आदल्या आठवड्यात घरीच मोजलं होतं. अर्धा मिलिमीटर चुकला तर लोकांना चावता येत नाही, असा माझा धंदा. मला कुत्रं मोजता येत नाही होय? रोज बेचाळीस सातच भरत होती. मध्यम गटात त्या वर्षी चाळीसेक कुत्री होती, त्यांतली निम्मी कॉली. मोठ्या गटात पाचच, सगळी अवजड. वळणांवर भिंगरी त्यांना कच्चं खाईल असं गणित मी मनात मांडलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू मला दारात उभं केलं नसतंस. पहिली दोन मापं आत आल्याचं तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. तू पुन्हा पट्टी उचललीस, तेव्हा मी खिशातून बिस्कीट काढून तिच्या नाकावर वीतभर उंच धरलं. तुझं लक्ष पट्टीकडे होतं.

मग मोठ्या गटाचा चषक आणला. तो दिवाणखान्यात मांडला. येईल त्याला सांगत सुटले की माझा दादा सख्ख्या बहिणीलाही सूट देत नाही. तू ओशाळून बघायचास, मला वाटायचं स्तुतीने लाजतोस. आणि खांदा गेल्यावरही तीच थट्टा चालू ठेवली, कारण थट्टा थांबवली असती तर मला विचार करावा लागला असता. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? सुटले, असं आलं. चूक दादाच्या नावावर गेली. ते वाक्य मनात आलं आणि मी साच्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. तू एक वर्ष एकट्याने जे वाहिलंस त्यातलं अर्ध्याहून जास्त माझं होतं.

पंचवीस तारखेला पिल्लंवाल्या बाईंना नाही म्हणून कळवलं. पिल्लात खोट नाही. पण एक मोडलं म्हणून दुसरं आणायचं, हे मला त्या पिल्लाच्या डोळ्याला डोळा देऊन जमलं नसतं. ती आता दुसऱ्या घरी गेली, तिथे दोन मुली आणि मोठं अंगण आहे.

बूट पुन्हा खुंटीवर टांगलेत. डॉक्टरांना विचारून मैदानावर काठ्या जमिनीवरच आडव्या ठेवते आणि भिंगरीला त्यांच्यावरून चालवते. ती प्रत्येक काठीशी थांबते, माझ्याकडे बघते आणि सावकाश पाय उचलते. टिंबू आपला मागून येतो आणि जमिनीवरच्या काठीवरूनही उंच उडी मारतो. काल त्याने तिथली खुर्ची ओलांडली, कुणी सांगितलेलं नसताना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं. पण त्याला शर्यतीत उतरवायचं का, हे विचारायचं तोंड मला उरलेलं नाही.

रविवारी येशील का? स्टँड घेऊन ये. भिंगरीचं खरं माप तरी एकदा लिहून ठेवू.

लोभ ठेव म्हणत नाही. ये एवढंच म्हणते.

चिमणी


७ एप्रिल

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या घरी आपण हवापाण्याचं बोललो, म्हणून हे पत्र.

राग आला होता, लपवत नाही. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. मग लक्षात आलं की तू बिस्कीट धरलंस हे खरं, पण पट्टी तिसऱ्यांदा उचलायला तू सांगितलं नव्हतंस. मला ते माप हवं होतं, म्हणून आलं. आपल्या दोघांत भांडायला एवढीही जागा उरली नाही.

भिंगरी स्टँडखाली आली, जुन्या सवयीने चारही पाय जुळवून उभी राहिली, पण दुखरा खांदा खाली सोडून. एकेचाळीस चार. पुन्हा एकेचाळीस चार. तू भिंतीकडे बघत होतीस आणि मी पट्टीकडे. काल तोंडून निघालं नाही ते लिहितो: तिचं खरं माप आता कधीच मिळायचं नाही. ते त्या दिवशी दोनदा मिळालं होतं.

सोबत क्लबासाठीचा कागद आहे. पहिली दोन मापं काय आली, तिसरं का घेतलं, ते माझ्या बाजूने सगळं लिहिलंय. बिस्किटाचं लिहिलेलं नाही; ते तुझं आहे. खाली मी सही केली, शेजारी तेवढीच जागा सोडली आहे. चषक ते परत मागतील, हे लक्षात घेऊन कागद पुढे टाक.

लोभ असावा. तो मात्र आपण कधी मोजू नये.

तुझा,
दादा

ता. क. टिंबूला उतरव, पण लहान गटातच. तो तिन्ही वेळा एकतीसच भरला. मी मोजताना बिस्किटं तुझ्या वहिनीच्या पर्समध्ये होती, आणि त्याच्या समोर कुणीच उभं नव्हतं.