कच्च्या मुळीचा काढा

बाबा, त्या सकाळी इथे आखातात, मुहर्रकच्या खोलीत तुम्ही आरशासमोर पापणी ओढून बघत होतात आणि डोळ्याचं पांढरं हळदीसारखं पिवळं दिसलं, तिथंच सगळं बदललं. मी कॉलेजच्या सुट्टीत आलो होतो, तो परत गेलोच नाही. सलमानिया हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, औषधं कुठली घेता? तुम्ही अरबीत म्हणालात, "मफी," काही नाही. आणि मला हळूच, "काढा काय औषध असतं रे?" ती मुळीची पुडी मी नेऊन दाखवली, पण लिव्हर तोवर गेलं होतं, आणि मागोमाग तुम्हीही.

केसांच्या डायनं डोकं खाजायचं आणि लीव्हवर गावी पांढऱ्या केसांनी उतरायचं नव्हतं, म्हणून ती चिनी वेलीची मुळी. गुळवेलीची बहीण समज, म्हणालात, आणि गुळवेलीसारखीच कच्ची उकळलीत. मी नंतर वाचलं. केसांसाठी चिनी वैद्य ती कच्ची देत नाहीत, काळ्या सोयाबीनच्या पाण्यात तासन्‌तास शिजवून वाळवतात. कच्ची देतात ती पोट साफ व्हायला. आणि शिजवलेलीनंही लोकांची लिव्हर बिघडली आहेत. झाडपाला बाधत नाही, हे तुम्हाला सांगितलं कुणी? गावी बिब्बा कच्चा खाल्ला असतात का?

आता तुमचे जुने रूममेट काका, कुटुंब इथे आणून वेगळे राहिलेले, तेच पितायत. मुलीच्या साखरपुड्यात केस काळे हवेत. तीच मुलगी, जिला मी मागणी घातली आणि काका हसले. काल मी गॅसवरचं पातेलं सिंकमध्ये ओतलं, तर म्हणतात, "तुझ्या बापाचं नशीब फुटकं, मुळीचा काय दोष? आणि तू कोण, डॉक्टर? सेकंड इयरला पळालेला." ती मध्ये पडली, "पपा, प्लीज, लिसन टू हिम." काका म्हणाले, "खलास. निघ."

निघालो. मरू दे म्हटलं, बाबा. अख्खी रात्र तेच म्हणत होतो.

हे लिहितानाच तिचा मेसेज आलाय. पपांना कालपासून जेवण जात नाही, डोळे यलो वाटतात, तू येऊन बघशील? बघायचं काय त्यात. उचलून सलमानियाला नेतो, शिव्या घालू देत वाटेत. डॉक्टरांनी विचारलं की "मफी" म्हणायच्या आत मी बोलणार, आणि पुडी खिशात असेल.

एक तुम्हालाच सांगतो. मेसेज वाचून चपला घातल्या, पण त्याच्या आधी, क्षणभर, तिनं मलाच बोलावलं म्हणून बरं वाटलं.

कागद राहू दे इथेच, तुमच्या फोटोपाशी. चाललो, दार ओढून घेतोय.