होडीचा कान कुठे बसवावा

कंपुंग तेलुक बिदारा,
तेरेंगानू
११ जानेवारी

चि. साबरी यास,

अबाचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. जोहोरला सूनबाई आणि मुलं बरी असतील, तुझ्या गोदीतलं कामही नीट चाललं असेल.

तुझं खोकं पोचलं. बसवाल्याने ते स्टँडवर उतरवलं आणि मला फोनावर फोन केले म्हणे. मी उचलले नाहीत. फोनवर हल्ली नुसती खरखर असते. याच कारणावरून तू माझ्यावर रागावला आहेस असं तुझी आई म्हणाली. रागावू नकोस. पत्र बरं. ते पुन्हा काढून वाचता येतं आणि लिहिताना माणूस जरा थांबतो. तुझी आई मजेत आहे, फक्त अलीकडे तिला उगाच ओरडून बोलायची सवय लागली आहे. मशिदीत नवा बिलाल आलाय, पोरगेला. बांग इतकी हळू देतो की मला घड्याळ बघून उठावं लागतं.

पाऊस हटत नाही. समुद्र बंद आहे. सगळ्या होड्या नदीत एकमेकींना खेटून उभ्या आहेत, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरींसारख्या. असे दिवस आले की मला आमची शाळा आठवते. झावळ्यांचं छप्पर, खाली वाळू, आणि छडी टेबलावर आडवी ठेवून आमच्याकडून पांतुन म्हणवून घेणारे चिकगू हामदान. चारच ओळींचं गाणं, पहिल्या दोन ओळी रानाच्या, पुढच्या दोन मनाच्या. वर्गात उभ्या उभ्या मी रचलेलं एक अजून पाठ आहे:

सुरूच्या बनात वारा सुटला,
होडीचा दोर गाठीला;
शब्द जो माझ्या ओठी तुटला,
उभा तो तुझ्या पाठीला.

चिकगूंनी विचारलं, "देरामान, याचा अर्थ काय रे?" मला ठाऊक नव्हता. त्यांनी तरी माझ्या पाटीवर चांदणी काढली.

असो. तुझ्या यंत्राबद्दल लिहायला बसलो आणि शाळेत जाऊन बसलो.

खोकं आपल्या इंजिनवाल्या बिदिननेच उघडलं. पडदा आणि वायरी त्याने बाजूला ठेवल्या आणि ती पितळी अळंबी हातात घेऊन मला म्हणाला, "पोक सू, बी तर जातिवंत आहे. पेरायचं कुठे?" मी त्याला तुझ्या पत्रातलं वाचून दाखवलं. ही अळंबी होडीच्या बुडाला भोक पाडून खालून बसवायची. ती पाण्यात आवाज सोडणार, तळावरून आणि माशांवरून परत आलेला ऐकणार आणि पडद्यावर दाखवणार. बिदिन म्हणाला, "म्हणजे होडीचा कान. एक कान आहे तो पुरत नाही का?" आणि माझ्याकडे बघून हसला. इंजिनवाल्यांच्या जिभेला तेल फार.

पुढच्या मोठ्या भरतीला आपली होडी 'मेलोर' काठावर ओढायची आहे, फटीत काथ्या भरायला आणि रंगवायला. मार्चमध्ये ती पुन्हा पाण्यात जाईल. भोक पाडायचं ते मधल्या दिवसांत. मामत सुतार जागा बघून गेला. मागे पंख्याजवळ त्याला सोपं वाटलं. मी म्हटलं, तिथे पाणी घुसळून फेस होतो, फेसात यंत्राला काय दिसणार? पार पुढच्या टोकाला, नाळीपाशी म्हणाला, तर लाटेवर नाळ पाण्याबाहेर येते. बरोबर मध्ये तर कणा, त्याला हात लावायचा नाही. मासळीच्या खणात बसवावं, तर वरून बर्फ आणि खारं पाणी, काही बिघडलं तर हात कसा घालणार? शेवटी मामत वैतागला. तो हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो, पण हे अगदी कानाशी येऊन बोलला, "पोक सू, लग्नाच्या मुलीची आईसुद्धा इतकी स्थळं नाकारत नाही!"

पण सांग, मी चूक काय बोललो? भोक एकदाच पडतं. बुजवता येतं, पण फळी विसरत नाही.

तू लिहिलंस, यंत्र लागलं की गोदी सोडून येतो, मासे आहेत ते यंत्र दाखवील, कोणते आहेत ते ऐकायला तुम्ही शिकवा. वाचून बरं वाटलं. लहानपणी मी पाण्यात डोकं घालून मासे ऐकायचो, तेव्हा तू होडग्याच्या काठाला लोंबकळून विचारायचास, "अबा, खाली काय ऐकू येतं?" कोळंबी तव्यावरच्या मोहरीसारखी तडतडते. ढोम्याचा थवा आला तर कोणी लांबवर करवंटीवर करवंटी घासतंय असं वाटतं. मी डोकं वर काढून हात उंचावला की जाळं पडायचं. तोवर कोणी खोकायचंही नाही.

तेव्हा ये, पण घाई नको. आधी जागा ठरू दे.

तुझा,
अबा

---

कंपुंग तेलुक बिदारा
३ फेब्रुवारी

चि. साबरी,

सलाम आणि आशीर्वाद. तुझं पत्र आलं. एवढं साधं भोक पाडायला इतके दिवस का, असं तू विचारलंस. अक्षर रागाचं दिसलं. धाकट्याचा दात पडला हे वाचून तुझी आई हसली. दात छपरावर टाकायला सांग.

जागा ठरवली. कशी ते सांगतो.

मामतचं आणि माझं जमेना, तेव्हा बिदिन म्हणाला, "भांडता कशाला? यंत्राला जिथे कमी गोंगाट, तिथे ते बसवायचं. गोंगाट कुठे कमी ते पोक सूंशिवाय कोण सांगणार? इंजिन चालू करतो, पंखा सोडवून ठेवतो. तुम्ही बुडाला कान लावत पुढे जा." सगळ्यांना पटलं. मलाही नाही म्हणता येईना. गावात आजवर कोणी यंत्राची जागा अशी शोधली नसेल.

होडी अजून नदीत होती. बिदिनने इंजिन चालू केलं. मामत, चे लेह आणि बाकीचे खलाशी काठावर छत्र्या धरून उभे राहिले. मी कमरेला दोर बांधून उतरलो. पावसाळ्याचं पाणी, गार. मागच्या बाजूने सुरुवात केली, फळीला डोकं टेकवत टेकवत. एके ठिकाणी थांबलो. काय शांतता होती ती! जुम्म्याची नमाज आटोपून सगळे घरी गेल्यावर मशीद असते ना, तशी. हाताला थरथर लागत होती, पण गारठाच तेवढा होता. मी वर येऊन फळीवर थाप मारली, "इथे."

काठावर मामत बिदिनकडे बघत होता. बिदिन आत जाऊन लाल रंगाचा डबा घेऊन आला. मग होडीच्या काठाच्या फळीवर, अगदी माझ्या हाताच्या वर, त्याने खूण केली. "पोक सू बोलले, संपलं," म्हणाला.

आता पुढचं ऐक. भरतीला होडी वर ओढली. काल मामत ओळंबा घेऊन आला. वरच्या खुणेपासून दोरी सोडायची आणि खाली बुडाला जागा आखायची. मी बघतो तर लाल खूण भलतीकडे! मी दाखवली ती जागा इंजिनाला पाणी ओढणाऱ्या नळीच्या वर होती, नळीचं भोक माझ्या खांद्याला लागलं होतं म्हणून पक्कं आठवतं. आणि खूण पुढे, इंजिनाच्या खोलीच्याही पलीकडे, जिथे बूड सपाट होत जातं तिथे.

मी बिदिनला विचारलं, "ही खूण कोणी हलवली?"

"रंग ओला होता, पोक सू. घसरला."

"रंग खाली घसरतो. नाळीकडे घसरलेला मी कधी पाहिला नाही."

"वारा होता," म्हणाला आणि टोपी नीट करत बसला. चे लेहने तोंड फिरवलं.

मी मामतला सांगितलं, भोक पाडायचं नाही. मी 'मेलोर'चा कान आहे, माझी खूण कोणी हलवायची नाही. मग घरी आलो. तुझ्या आईने नासी दागांगचा भात केला होता, तो तसाच राहिला.

तूर्त एवढंच. गोदीत लोखंड ठोकताना कानात बोळे घालतोस ना? घालत जा.

तुझा,
अबा

---

कंपुंग तेलुक बिदारा
२० फेब्रुवारी

साबरी बाळा,

सलाम. हे पत्र सूनबाईला वाचून दाखवू नकोस असं लिहिणार होतो. पण दाखव. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

मागचं पत्र टाकल्यावर मी दोन दिवस होडीकडे गेलो नाही. मग दुपारी कोणी नाही असं बघून गेलो, तर बिदिन होताच, इंजिनाला पिंपातलं पाणी जोडून ते चालवून बघत होता. मला बघून बंद करायला निघाला. मी हातानेच सांगितलं, राहू दे. बुडाखाली शिरलो आणि मी दाखवलेल्या जागेवर तळवा ठेवला. फळी अशी थरथरत होती की माझे दात वाजायला लागले. पाणी नव्हतं, गारठा नव्हता, भर ऊन होतं. मग पुढे गेलो, बिदिनच्या खुणेखाली हात ठेवला. तिथे फळी गप्प होती.

मी तिथेच वाळूत बसलो. होडीखाली सावली बरी होती.

अख्खं इंजिन डोक्याशी धडधडत असताना मला नमाजीनंतरची मशीद ऐकू आली होती, साबरी. गावाच्या देखत.

बिदिन इंजिन बंद करून माझ्या शेजारी येऊन बसला. मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

त्याने तोंड माझ्या कानाशी आणलं. "मागच्या हंगामापासून. खाली कोळंबी तडतडत होती आणि तुम्ही ढोमा म्हणालात."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ऐकू आलं असतं का?" आणि हसला, मेला. मग मीही हसलो. काय करणार?

पण मला कळेना. मागच्या हंगामात आमची जाळी रिकामी आली नव्हती. मी हात वर करायचो तिथे मासे असायचेच. म्हणून तर मी मनाला समजावत होतो की ऐकू येतंय, जरा कमी येतंय इतकंच. ते त्याला विचारलं. तो वाळूत रेघोट्या ओढायला लागला.

"तुम्ही खाली जायचात ना," मग म्हणाला, "तेव्हा मी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून मूठ कानाला लावायचो. मासे जिकडे असतील तिकडे होडगं हळूच सरकवायचो. तुम्ही वर यायचात, हात उंच करायचात. हात तुमचाच होता."

"तू सांगितलं असतंस तर तुझा हात वर झाला असता."

"माझ्या हाताकडे कोण बघतो, पोक सू? त्याला ग्रीस असतं."

मी त्याला कधी ऐकायला शिकवलं नाही. माझ्या बापाने मला शिकवलं, मी तुला शिकवीन, असंच डोक्यात होतं. तो इतकी वर्षं माझ्या होडग्यात माझ्या मागे बसून नुसता बघत होता आणि शिकत होता.

दुसऱ्या दिवशी मामतला बोलावलं. यंत्र बिदिनच्या खुणेवरच. जागा चांगलीच आहे. पुढे पाणी फाडणारं काही नाही, फेस नाही, कण्यापासून जरा अंतर आहे आणि आतून हात पोचतो. फळीला थोडा उतार आहे, म्हणून मामतने लाकडाचा ठोकळा तासून अळंबी सरळ खाली बघेल अशी बसवली. भोक पाडण्याआधी रिवाजाप्रमाणे तांदळाच्या पिठाचं पाणी मी माझ्या हाताने शिंपडलं. भुसा पडला तो आतून नव्यासारखा पिवळा होता. इतकी जुनी फळी, पण आतून अजून तशीच.

मग सगळ्या खलाशांना होडीपाशी उभं केलं आणि सांगितलं, मला ऐकू येत नाही. यापुढे 'मेलोर'वर पाण्यात डोकं घालायचं ते बिदिनने, हातही त्याचाच वर जाणार. वाटलं होतं, कोणी तरी हळहळेल. चे लेह ओरडला, "हे सांगायला आम्हाला उन्हात उभं केलंत होय? आम्हाला वाटलं मामतने भोक वाकडं पाडलं!" सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या आईलाही. ती म्हणाली, "बरं झालं, माझा घसा सुटला."

आता तुझं.

तू माझ्याकडून शिकायला येतो म्हणतोस. गेला दीड महिना तुला लांबवत होतो ते याचसाठी. मी तुला शिकवू शकत नाही. कोळंबी कशी, ढोमा कसा, हे तोंडाने सांगीन, ते तर तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तू पाण्यातून वर येऊन "ढोमा" म्हणालास तर बरोबर की चूक हे मला कुठून कळणार? मी मायेपोटी "हो" म्हणेन, आणि बापाच्या मायेवर टाकलेलं जाळं रिकामंच येतं. बिदिन "चूक" म्हणेल. तो मला इतके दिवस म्हणाला नाही, पण तुला म्हणेल, मी तसं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

होडी कागदावर तुझी होईल, त्याची काळजी नको. पण पाण्यावर तू त्याच्या हाताखाली बसायचं. लहानपणी तू त्याला तेलकट म्हणायचास. आता मोठ्या भावासारखं अबांग म्हणायचं. त्याचं वल्हं तू धरायचं आणि तो खाली असताना खोकायचं नाही. हे जमणार नसेल तर गोदीतलं काम वाईट नाही, मी मनात काही आणणार नाही. जमणार असेल तर मार्चच्या पहिल्या भरतीआधी ये. यंत्र तेव्हा पहिल्यांदा ऐकणार आहे, आणि बिदिनला पडद्याचं काही कळत नाही, ते तू त्याला शिकव.

एक मात्र लक्षात ठेव. घरी आलास की दारातून सलाम करून उत्तराची वाट बघत उभा राहू नकोस. आत ये, माझ्यासमोर बस आणि मग सलाम कर. कोणाच्या सलामाला माझ्याकडून उत्तर राहिलं असं आजवर झालेलं नाही, ते तुझ्यापासून व्हायला नको.

तुझा,
अबा