पडताना हात बघ

बाबा,

आधी झालं ते सांगते.

१. मंगळवारी प्लेऑफच्या पाचव्या सामन्यात आमचा एक खेळाडू धक्का लागून बर्फावर पडला.
२. धक्का देणाऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं. तेवढ्यात आम्ही गोल केला आणि सामना जिंकलो.
३. नंतर ड्रेसिंग रूममध्ये आमचा खेळाडू म्हणाला, पडणं खोटं होतं. सगळे हसले.
४. माझ्या मते ते खोटं नव्हतं.

तू गेल्यावर मी इंजिनिअर झाले आणि आता एका छोट्या आइस हॉकी संघाचे व्हिडिओ तपासते. सामना संपला की प्रत्येक धडक फ्रेम फ्रेमने बघायची, हे माझं काम. तुझं काम याहून फार वेगळं नव्हतं, फक्त तुझ्याकडे मुद्दाम धडकवायच्या गाड्या होत्या आणि गाडीत माणसाऐवजी डमी बसवलेली असायची. प्लेऑफ आले की आमचे धडधाकट खेळाडू काठी नुसती लागली तरी तोंड धरून कोसळतात, कारण रेफरी फसला तर समोरचा एक माणूस कमी होतो. मंगळवारी पडलेला हा मुलगा त्यात सगळ्यांत हुशार. त्याची याआधीची दोन्ही खोटी पडणी मी तपासली आहेत. मान झटक्यात मागे जाते, पाय उडतात, बघणाऱ्याला वाटतं संपला. पण दोन्ही वेळा हातमोजे बर्फाला आधी टेकतात. मंगळवारी ते टेकले नाहीत. हात अंगाशी तसेच लोंबत राहिले आणि हेल्मेट आधी आपटलं.

हातांकडे बघायला तू शिकवलंस. ट्रॉय गावातल्या आपल्या घरात, हॉलमधल्या गालिच्यावर, तू डमीसारखा पडायचास आणि मी परीक्षक. डमी हात पुढे करत नाही, माणूस करतो, तू म्हणायचास. चेहऱ्याकडे बघू नकोस, चेहरा काहीही सांगेल, पडताना हात बघ. आणि दर वेळी शेवटच्या क्षणी तुझे हात पुढे यायचे, मी ओरडायचे, "चीटिंग!" तू मराठीत वाद घालायचास, मी इंग्रजीत. त्या गालिच्यावर दहापैकी सहाच्या वर मार्क मी तुला कधी दिले नाहीत.

मग तो रविवार. तू पोहे करतो आहेस, फोडणीत मोहरी तडतडते आहे, आई डायनिंग टेबलाशी कोथिंबीर निवडते आहे. तू मागे वळतोस आणि पडतोस. कपाळ ड्रॉवरच्या हँडलवर आपटतं. हात पुढे येत नाहीत. आई उठून गॅस बंद करेपर्यंत तू डोळे उघडतोस, आमच्याकडे बघतोस आणि हसतोस.

"डमी. आज जमलं बघ."

"वय काय, चाललंय काय," आई म्हणाली. "कढई अंगावर आली असती म्हणजे?"

तिने बर्फाची पिशवी तुझ्या हातात दिली आणि तू ती कपाळाला धरून मला विचारलंस, किती मार्क? पोहे थोडे करपले होते, आपण तसेच खाल्ले. त्याच महिन्यात ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये तू पडलास आणि उठला नाहीस. आई अजून लोकांना सांगते, शेवटपर्यंत मस्करी करायचा माणूस.

काल तो मुलगा माझ्या खोलीत आला. मॉनिटरकडे पाठ करून बसला, उजेड डोळ्यांना खुपतो म्हणाला. पलीकडच्या कॅमेऱ्याची क्लिप माझ्याकडे आहे का, त्याने विचारलं. आहे, मी म्हटलं.

"मस्त जमलं ना?" तो म्हणाला. "डॉक्टरला पण मी हेच सांगितलं. त्याने सोडलं मला."

मग पलीकडच्या कॅमेऱ्याची क्लिप माझ्याकडे आहे का, असं त्याने विचारलं. त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. मी पुन्हा आहे म्हटलं. जाताना दाराची चौकट त्याने आधी हाताने चाचपली.

कोचना ती क्लिप फार आवडली आहे. शुक्रवारी सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये ती मी सगळ्या संघाला दाखवायची आहे, पडायचं तर असं पडा म्हणून. शनिवारी सहावा सामना, तो खेळणार आहे. तिथे उठून मी म्हणू शकते की हे नाटक नाही, याला पुन्हा तपासा, याला बर्फावर उतरवू नका. पण तो स्वतः नाटक म्हणतो, डॉक्टर ठीक म्हणतात आणि माझ्याकडे फक्त हात आहेत. शिवाय एक शंका आहे. हात पुढे न येता पडलेला माणूस मी याआधी प्रत्यक्ष एकदाच पाहिला आहे. त्या मुलाच्या जागी मला तूच दिसत असशील, तर माझं निरीक्षण धरू नये.

म्हणून एकच विचारायचं आहे. डमी म्हणालास तेव्हा आपण खोटं बोलतो आहोत हे तुला माहीत होतं का?

हे पाठवायला पत्ता नाही, ते मला कळतं. आणि त्या रविवारी मी हात बघितले होते. दहापैकी दहा दिले.

शुक्रवारी सकाळी आठपर्यंत उत्तर दे. आलं नाही, तर तुला माहीत होतं असं धरून मी मीटिंगमध्ये उठून बोलेन.