गौरीच्या पेटीतले चोवीस शब्द

मंगळ. ४ फेब्रु.
धाकटा भाऊ दिनू यंत्र घेऊन आला. पेनड्राइव्हएवढं, काळं, दोन बटणं. खोक्याचं सील खिडकीत नेऊन उलटसुलट तपासलं. जहाजावर सुटे भाग येतात तेव्हाही असंच बघत असेल. मधे त्या बिटकॉइनच्या एक्स्चेंजने पैसे काढणं बंद ठेवलं होतं, तेव्हापासून त्याची झोप गेली आहे. आता कॉइन त्यांच्याकडे नकोत, या यंत्रात, आपल्या हातात हवेत. इतक्या वर्षांच्या बोटीवरच्या नोकरीतलं जे उरलं ते सगळं यातच आहे. आणि ही शेवटची ट्रिप. पुढच्या मेडिकलला हृदय पास होणार नाही, हे डॉक्टरने त्याला सांगितलंय, त्याने मला. घरी अजून नाही.

यंत्राने चोवीस इंग्रजी शब्द दाखवले, एकामागून एक. यंत्र मोडलं, हरवलं तरी चालेल, शब्द असले की नव्या यंत्रात सगळं परत येतं. शब्द गेले तर कुठे तक्रार नाही, कुठे अर्ज नाही.

तो वाचत गेला, मी उतरवत गेले. आयुष्यभर डेस्कवर फोन कानाला लावून बातमीदारांच्या बातम्या उतरवल्या, हात आपोआप देवनागरीत चालला. मधे ‘पेपर’ आला. म्हटलं, हा आपला. त्याने मान वर केली नाही.

‘इंग्लिशमध्ये नाही लिहिलंस?’
‘वाचता येतंय ना?’
‘येतंय. छापल्यासारखं आहे.’

मग यंत्राने उलटतपासणी घेतली. मी कागदावरून वाचायचं, त्याने पडद्यावर तो शब्द निवडायचा. पास झालो.

गुरु. ६ फेब्रु.
एजंटचा फोन. जॉइनिंग अलीकडे आलं, आजच विमान. बॅग भरता भरता त्याने माझ्या लॅपटॉपवर बसून कॉइन हलवले. आधी थोडे, ते पोचल्याचं दिसल्यावर बाकीचे. एक राहिलं. यंत्र एकदा मुद्दाम कोरं करून, कागदावरचे शब्द भरून, परत उभं राहतं का ते बघायचं होतं. तोच म्हणाला होता, आधी हे, मग कॉइन. वेळच नव्हता.

यंत्रही माझ्याकडे, कागदही माझ्याकडे. बोटीवर न्यायचं नाही म्हणाला. पिन म्हणजे आप्पांचा मिलमधला बिल्ला नंबर. तो लिहून ठेवायची गरज नाही.

कागदाचा फोटो काढायचा नाही. फोनमध्ये नाही, कॉम्प्युटरवर नाही. कुणाला वाचून दाखवायचा नाही.
‘मी फोनवर मागितले तरी द्यायचे नाहीस, ताई.’
‘तुला पण नाही?’
‘माझा आवाज काढून कोणीही बोलेल आता.’
हे त्याने बुटाची नाडी बांधत सांगितलं.

रवि. ९ फेब्रु.
कागद गौरीच्या मुखवट्याच्या पेटीत, कापसाखाली. पेटी माळ्यावर. गणपतीपर्यंत कोणी काढत नाही. तरी दोनदा स्टूल घेऊन चढले. दुसऱ्यांदा कागद लगेच सापडला नाही. मुखवट्याला चिकटून वर आला होता.

सदर लिहायला घेतलं, जमलं नाही. खाली लालबागच्या मसाल्याच्या गिरण्या चालू आहेत, सगळ्या बिल्डिंगला ठसका. बरं आहे, डोळ्यांत पाणी का, कोणी विचारत नाही.

गुरु. १३ फेब्रु.
दुपारी फोन. बाई, गोड आवाज. यंत्राच्या कंपनीतून बोलतेय म्हणाली. ‘मॅडम, व्हेरिफिकेशन पेंडिंग है. बस वो चौबीस वर्ड्स बता दीजिए, नहीं तो वॉलेट ब्लॉक हो जाएगा.’

मी म्हटलं, थांबा, माळ्यावर आहे. खरंच म्हणाले. मग फोन ठेवला.

घरात आहे, माळ्यावर आहे, हे अनोळखी बाईला सांगून बसले. आणि यंत्र दिनूच्या नावाने आलं, माझा नंबर त्यांना कुठून? नंतर आठवलं, कुरियरला त्याने माझा दिला होता. म्हणजे गिऱ्हाइकांची यादी कुठून तरी फुटली. कोणाकोणाकडे गेली असेल?

बेल वाजली तर उघडत नाहीये. दूधवाला बाहेरून ‘आजारी काय मावशी’ विचारून गेला.

शुक्र. १४ फेब्रु.
कॉइन जागेवर आहेत एवढं तरी बघावं म्हणून यंत्र लॅपटॉपला जोडलं. पिनचा एकेक आकडा बटणाने वर-खाली करून आणायचा असतो. अंगठा एकदा जास्त दाबला गेला, आकडा पुढे सरकला. चूक. पुन्हा चूक. तीनदा चुकलं की यंत्र स्वतःला पुसतं, हे दिनूने सांगितलेलं मला पाठ होतं. थांबायला हवं होतं. पाणी प्यायले, खुर्ची बदलली, आणि तिसऱ्यांदाही…

पडदा कोरा. नव्या यंत्रासारखा ‘वेलकम’ म्हणाला.

घाबरायचं नाही. शब्द आहेत.

शनि. १५ फेब्रु.
शब्द आहेत, पण देवनागरीत आहेत.

यंत्रात एकेक इंग्रजी अक्षर निवडत जायचं, तीन-चार अक्षरांनंतर ते आपल्या यादीतले शब्द सुचवतं. बरेचसे सरळ गेले. मग आला ‘सेल’. शिडाचा सेल की विकण्याचा? यंत्राच्या यादीत दोन्ही आहेत. मग ‘टेल’. शेपूट की सांगणं? मग ‘वेस्ट’. पश्चिम की वाया? इंग्रजीत वेगळे, माझ्या हस्ताक्षरात एकच. ऱ्हस्व-दीर्घासाठी डेस्कवरच्या पोरांना रडवलेली बाई मी.

चोविसावा शब्द भरला की यंत्र स्वतःच ताळा करतं. एक शब्द चुकला तरी जुळत नाही. जुळला नाही. सेल बदलला, पुन्हा पहिल्यापासून भरले. नाही. टेल बदलला. नाही. एकदा भरायला सदराचा पूर्ण लेख लिहून होईल एवढा वेळ जातो.

(हे शब्द इथे लिहायला नकोत. दिनू ओरडेल. लिहिल्याशिवाय डोकं चालत नाही. बाकीचे इथे येणार नाहीत.)

रवि. १६ फेब्रु.
तिन्ही शब्दांच्या सगळ्या जोड्या करून झाल्या. एकही जुळत नाही.

म्हणजे आणखी कुठेतरी चूक आहे आणि ती मला दिसत नाही. ऐकण्यात, लिहिण्यात, की क्रमात? कागद पंचवीस वेळा वाचला. प्रूफ वाचणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. म्हणून तर ऑफिसात दुसऱ्याला वाचायला द्यायचो. हा कागद कुणाला देऊ?

नेटवर शोधलं. एका साइटवर चौकट होती, ‘तुमचे शब्द इथे टाका, आम्ही दुरुस्त करतो.’ पहिला शब्द टाइप केला. मग झटक्यात लॅपटॉपच मिटला. पहिलाच, आणि एंटर मारला नव्हता. नव्हता ना? रात्रभर तेच.

दिनू समुद्रात. मेसेज जात नाहीत, आणि जात असते तरी काय लिहिणार होते? तुझं आयुष्य माझ्या अंगठ्याखालून गेलं?

सोम. १७ फेब्रु.
घरात बसवेना. दादरला फिलूकडे गेले. नोकरीत असताना एकाच बिल्डिंगमध्ये ती इंग्रजी पेपरात, मी मराठीत, डबा मात्र कायम एकत्र. दारातच म्हणाली, ‘काय गो, चेहरा मयताला आल्यासारखा. कोण गेलं?’
‘कोणी नाही. झोप नाही.’
‘मग खा. उपाशी माणसाला झोप येत नाही.’

उकडलेली अंडी, पाव. तिला सांगावंसं वाटत होतं, ओठांपर्यंत आलं. कुणालाही नाही म्हणजे फिलूलाही नाही.

ती म्हणाली, ‘पेपर दे गो जरा.’
मी स्टुलावरचा पेपर उचलून दिला.
फिलूने तो परत माझ्या मांडीवर टाकला. ‘आता अंड्यावर हेडलाइन पसरून खाऊ काय?’

मिरपुडीची बाटली माझ्या कोपराजवळच होती. इंग्रजीत तीही पेपरच.

उठले. ती मागून ओरडत होती, ‘बाय, अंडं तरी संपव.’ हा एक शब्द मी एकदाही तपासला नव्हता. माझाच वाटला होता ना.

टॅक्सीत नवी भीती. आता मिरी धरून तिन्ही शब्दांच्या सगळ्या जोड्या पुन्हा. आणि मिरीही नसेल तर?

मंगळ. १८ फेब्रु.
सकाळी आंघोळ करून बसले, कशाला कोण जाणे. दार आतून लावलं, कडी दोनदा बघितली. मिरी. शीड. शेपूट. पश्चिम. नाही. पश्चिमेऐवजी वाया. नाही. शेपटीऐवजी सांगणं, पुन्हा पश्चिम.

ताळा जुळला.

पडदा नवा पिन मागतोय. आप्पांचाच नंबर टाकला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. एकदाही चुकले नाही.

पण ताळा जुळला म्हणजे शब्द खरे असू शकतात, एवढंच. चुकीचे शब्दही कधी कधी योगायोगाने जुळतात असं वाचलंय. लॅपटॉपला जोडून पत्ता, म्हणजे कॉइनच्या खात्याचा नंबर, पडताळायचा. दिनूने ज्या पत्त्यावर कॉइन हलवले, त्याच्याशी पहिली अक्षरं जुळली तर ते आपले. नाही जुळली, किंवा ती साइट, ती बाई, यांपैकी कोणी आधीच पोचलं असेल, तर समोर नुसतं शून्य दिसेल.

वायर हातात आहे. जोडायच्या आधी हे लिहितेय.

आत्ताच फोन वाजला. दिनूचा मेसेज. ‘ताई, पोर्टला लागलो, रेंज आहे थोडा वेळ. सगळं ठीक?’

‘ठीक’ असं लिहिलंय. पाठवलेलं नाही. खात्री केल्याशिवाय बातमी सोडायची नाही. नावाखाली तो ऑनलाइन दिसतोय.

आधी वायर.