सुरात गाणारा कटर

मिरज, शनिवार

मित्रवर्य धोंडिराम यास,

जोतीरामचा कडक जयभीम. वहिनींना नमस्कार सांग. तुझा गुडघा आता कसा आहे? आष्ट्याच्या बाजारात चालत जातोस की अजून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर? आम्ही सगळे ठीक आहोत. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तू मला हॅलोच्या पुढं बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तर आमच्या वर्कशॉपमध्ये अपघात झाला. (बसून वाच, माणसं सुखरूप आहेत.) आमचा पोरगा वीरधवल सरहद्दीवर असल्यामुळं सूनबाई शिवांजलीच सगळं बघते, हे तुला ठाऊक आहे. तिचं ते सीएनसी मिलिंग मशीन म्हणजे, मला समजलंय तेवढं सांगतो, लोखंडाचा ठोकळा वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट आवळायचा, वरून गरागरा फिरणारा कटर खाली येतो आणि कॉम्प्युटरात लिहिलं असेल तसा तो ठोकळा कोरतो. मी स्टूल टाकून काचेतून बघत बसतो. टीव्हीवरच्या भांडणांपेक्षा कितीतरी बरं. त्या दिवशी शिवांजलीनं आखूड कटर काढून लांब लावला आणि ही नवी लांबी मशीनला सांगायची राहून गेली. मशीन आपल्यासारखंच, हुकूम आला की का म्हणून विचारत नाही. भरधाव खाली आलं आणि थेट वाइसवर आदळलं. असा आवाज झाला की मी फौजेतल्या सवयीनं स्टुलाखाली शिरलो. (स्टूल फार लहान आहे. कंबर अजून दुखते.)

कटरचे तुकडे झाले, त्याला धरणारा होल्डर वाकला, वाइसला खड्डा पडला. पंपाच्या सुट्या भागांची ऑर्डर अर्धी राहिलेली, आणि ती वेळेत गेली नाही तर गिऱ्हाईक कायमचं हातचं जाणार. त्यात शिवांजली बटणाला हात लावीना. "आबा, माजा हातच उचलंना," म्हणाली. बंदूक चालवायला शिकवणं मला जमेल, पण हे काही फौजेत शिकवलं नव्हतं.

तेव्हा नवी ऑपरेटर मुलगी (आयटीआय झालेली, नुकतीच लागलीय) म्हणाली, "ताई, आदी काय मोडलंय आन् काय वाचलंय ते तर बगू." दोघींनी मशीनचा मुख्य दांडा फिरवून काट्याच्या घड्याळासारख्या मापानं तपासला. सरळ निघाला. होल्डर तर नवाच आणला. खरा प्रश्न कटरचा.

आता मला वाटायचं कटर म्हणजे कटर. छे! सांगलीचा विक्रेता सोनेरी कटर घेऊन आला, साताऱ्याचा काळा आणि चांगला लांब. दोघंही उपवर मुलाच्या मामासारखे बोलत होते. मी विचारलं, रंगाचं एवढं काय? तर म्हणे कापताना कटर तापतो, म्हणून त्याच्या अंगावर केसापेक्षा पातळ लेप देतात. मग दाते किती असावेत? तर ते कापायच्या धातूवर. ॲल्युमिनियमला दाते थोडे लागतात, कारण त्याचा चुरा जास्त निघतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. मी इतकं विचारलं की साताऱ्याच्या विक्रेत्यानं मलाच विचारलं, "आबा, तुमी परीक्षेला बसनार हाय का?"

शेवटी दोन्ही कटर चालवून बघायचं ठरलं. गल्लीतले सतार बनवणारे करीमचाचा पितळी पट्टी कापून घ्यायला आलेले, तेही थांबले. मशीनला मात्र त्या मुलीनं हात लावला. काळा लांब कटर लोखंडाला टेकला आणि काय सांगू गड्या, गायला लागला! चाचांनी डोळे मिटले. "वाह! काय सूर लावलाय. हाच घ्या." मग सोनेरी आखूड कटर. तो रेड्यासारखा घुमला आणि चाचांनी कानांवर हात ठेवले. ठोकळे बाहेर काढले तर गाणाऱ्या कटरनं नांगरट केलेली, आणि रेड्यानं आरशासारखं काम. मला काही उलगडेना. विचार करून चाचाच हसायला लागले. "अहो जोतीरामभाऊ, तो थरथरतोय म्हणून गातोय! माझ्या तारेला थरथर पाहिजे, तुमच्या कटरला नको." आखूड कटर थरथरत नाही, म्हणून गातही नाही. सोनेरी घेतला. (साताऱ्याचा विक्रेता चाचांना चहासुद्धा न विचारता गेला.)

पण बटण? मुलगी म्हणाली, "ताई, कटर वर ठेवून आदी नुसतं हवेत चालवू." शिवांजलीनं हवेत सगळं काम करून बघितलं. कटर कशालाही न शिवता फिरत राहिला आणि तिचा श्वास हळूहळू मोकळा झाला. मग नवी लांबी मोजली, मशीनला सांगितली, पुन्हा मोजली, आणि बटण दाबलं. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. ऑर्डर वेळेत गेली.

तुझा,
जोतीराम

ता. क. : त्या मुलीचं नाव आम्रपाली. होय, तुझीच लेक. तू तिला स्पर्धा परीक्षेसाठी सांगलीच्या अभ्यासिकेत पाठवतोस, ती तिथून पुढची बस धरून मिरजेला येते.

ता. क. दुसरी : शिवांजलीला वाटतं की तुझी परवानगी मी कधीच घेतलीय. ती ह्या पत्रानं घेतोय. आम्रपालीला हेच काम करायचंय आणि ते तिला शोभतं. हो म्हण. शिव्या मला घाल.

ता. क. तिसरी : हे पत्र तिच्याच हाती पाठवतोय. तिला वाटतंय यात पेन्शनचं काहीतरी आहे. म्हणजे तू इथवर वाचलंस तेव्हा ती समोरच उभी असणार. ओरडायचंच असेल तर आधी तिला जेवू दे. आज दिवसभर मशीनपाशी उभी होती.