कॉफी पिते म्हणून कुलपात गेलेल्या पट्ट्याबाबत

दिनांक : २० सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
श्री. जयवंतराव शिर्के यांसी,
श्री तुळजाई व्यायाम मंदिर,
बडोदे.

विषय : माझ्या नावापुढील 'व्यसनी' हा शेरा खोडून मुलींचा पट्ट्याचा वर्ग माझ्याकडे परत सोपविण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. तुव्यामं/आहार/३७, दि. ८ सप्टेंबर २०२५.

महोदय,

मी, विजयमाला बळवंतराव जगताप, वय ५९, आपल्या संस्थेत गेली बावीस वर्षे मुलींना पट्टा, म्हणजे दांडपट्टा, शिकवते. उपरोक्त पत्रान्वये आपण मला कळविले आहे की, मी व्यसनी असल्याचे निदर्शनास आल्याने नियम १४ नुसार माझ्या हाती शस्त्र देता येत नाही, सबब पट्टा कपाटात कुलूपबंद करण्यात आला आहे. माझे व्यसन म्हणजे कॉफी. दिवसाला दोन कप. पत्र मी तीनदा वाचले आणि मग यजमानांच्या हाती दिले. ते हसत सुटले तेव्हा मी बरोबरच वाचल्याची खात्री झाली. या पत्रातील एकही शब्द मला मान्य नाही. कारणे पुढे देत आहे.

१. हा शेरा कसा पडला ते आधी सांगते, कारण चुकीची सुरुवात माझ्याकडून झाली आहे आणि ती मी लपवणार नाही. जुलै महिन्यात संस्थेने 'निरोगी शिलेदार' योजना काढली आणि सर्व शिक्षकांकडून आहाराचा तक्ता भरून घेतला. त्यात शेवटचा रकाना होता, 'व्यसन, असल्यास'. माझे आजेसासरे संस्थानच्या फौजेत हवालदार होते. कागदावर रकाना कोरा ठेवणारा काहीतरी दडवतो, अशी त्यांची ठाम समजूत, आणि ती समजूत आमच्या घरात दागिन्यांसारखी सासूकडून सुनेकडे आली. तंबाखू नाही, तपकीर नाही, मशेरीसुद्धा नाही. मग लिहायचे काय? मी प्रामाणिकपणे लिहिले, 'कॉफी, दोन कप'. शिक्षकांपैकी इतर सव्वीस जणांनी त्या रकान्यात 'निरंक' लिहिले आहे. त्यांतल्या कितींच्या खिशात त्या क्षणी मावा होता हे संस्थेच्या मागच्या भिंतीला विचारावे, ती गेल्याच दिवाळीला रंगवली होती. मी नावे घेत नाही. त्यांतले एक गृहस्थ माझ्याच घरात राहतात.

२. आता कॉफीविषयी. गेल्या वर्षी पावसाळ्यात मला चिकुनगुनिया झाला. ताप आठ दिवसांत गेला, पण सांधे धरलेले राहिले आणि दंडावरचे मांस उतरले. दिवाळीनंतर मैदानावर आले तेव्हा पट्टा उचलला आणि तीन फेऱ्यांत हात खाली आला. मुली बघत होत्या. घरी येऊन मी रडले, हे आपल्या माहितीसाठी नमूद करते. डॉक्टर म्हणाले की या वयात गेलेले स्नायू नुसत्या विश्रांतीने परत येत नाहीत, व्यायाम हवा आणि पोटात प्रथिने हवीत. माझे वजन बावन्न किलो, तेव्हा दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास. मी मोजून पाहिले तर माझ्या पोटात पस्तीससुद्धा जात नव्हती. सकाळी पोहे, दुपारी पातळ वरण आणि भात, रात्री दोन पोळ्या. आमच्या घराण्यात मटण होते ते रविवारी, आणि सहा दिवस त्याची आठवण.

३. आपल्याच संस्थेने नेमलेल्या आहारतज्ज्ञ रसिकाताई अलकापुरीहून दर बुधवारी येतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण डोके ताळ्यावर असलेल्या. त्यांनी दूध वाढवा म्हटले. दुधाच्या वासाने मला लहानपणापासून मळमळते, हे मी त्यांना सांगितले. मकरपुऱ्याच्या कारखान्यात भांडारात कामाला होते तेव्हा सकाळच्या कंपनी-बसमध्ये थर्मासमधली कॉफी तेवढी घशाखाली उतरायची. रसिकाताई म्हणाल्या, मग दूध कॉफीतूनच जाऊ दे. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले ते असे : एक पेला दूध, त्यात साय काढलेल्या दुधाची पूड दोन मोठे चमचे, कॉफी एक लहान चमचा, साखर अर्धा. एका कपात साधारण तेरा ग्रॅम प्रथिने, दोन कपांत सव्वीस. जेवणासोबत घ्यायची नाही, कारण अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये तासभर जाऊ द्यायचा. दुपारी चारनंतर थेंबही नाही, झोप बिघडते. आणि कॉफीवर भागवायचे नाही : रोज मोड आलेले मूग, घट्ट वरण, वाटीभर दही, आठवड्यातून चार दिवस अंडी.

कॉफीच्या भुकटीत प्रथिने नसतात, हे मला कळते. मी अडाणी नाही. प्रथिने दुधाची, कॉफीचे काम एवढेच की ते दूध माझ्या पोटात पोचवायचे. ते तिने दहा महिने चोख केले आहे. आज मी पट्ट्याच्या चाळीस फेऱ्या न थांबता काढते. आपल्या पत्रात ज्याला व्यसन म्हटले आहे, त्याने हा हात मला परत दिला.

४. माझा तक्ता रसिकाताईंना न दाखवता योजनेच्या उपसमितीने परस्पर निकालात काढला. त्या सभेचे इतिवृत्त मी अर्ज करून मिळवले आहे. त्यात 'चहा-कॉफी ही शरीरसंपदेची शत्रू होत' असा ठराव एकमताने मंजूर झाला असून, त्याच पानावर खाली 'मध्यंतरात सर्वांस चहा देण्यात आला' अशी नोंद आहे. सभा दोन तास चालली, चहा दोनदा झाला. याच समितीने मान्य आहारात रविवारची जिलेबी 'तत्काळ ऊर्जा' म्हणून आणि सेवउसळ 'कडधान्य' म्हणून घेतली आहे. सेवउसळीला माझा विरोध नाही, बडोद्यात राहून तो असू शकत नाही. पण वरची बोटभर तर्री आणि मूठभर शेव कडधान्यात कशी धरली, हे गोविंदराव माने यांनी लेखी कळवावे. ते उपसमितीचे अध्यक्ष आहेत आणि गेल्या दसऱ्याला त्यांचा अंगरखा पाठीमागून उसवून पुन्हा शिवावा लागला होता.

५. दि. ३० ऑगस्ट रोजी मला व्यसनमुक्ती समुपदेशनास हजर राहण्याचे फर्मान आले आणि मी हजर राहिले, कारण मी शिस्तीत वाढले आहे. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर माझ्याशिवाय तिघे होते : दोघे गुटखा सोडणारे, आणि एक सावली गावचा गृहस्थ, ज्याने काय सोडले हे या दारूबंदीच्या राज्यात कोणी मोठ्याने विचारले नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितले, दोन कप. समुपदेशक मान हलवून म्हणाले, "बेन, बधा एम ज कहे छे." म्हणजे सगळे असेच म्हणतात. मी म्हटले, खरोखर दोनच, आणि त्यांत सव्वीस ग्रॅम प्रथिने असतात. त्यांनी वहीत लिहिले, 'समर्थन करतात, स्वीकार नाही'. सावलीच्या गृहस्थाने जाताना मला धीर दिला. म्हणाला, "मावशी, पहिलं वरीस जड जातं, मग सवय होते." तो चांगला माणूस आहे. त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. त्याचा झगडा खरा आहे, आणि माझ्यासारखीला त्याच्या शेजारी बसवून आपण त्याचीसुद्धा थट्टा केलीत.

६. नियम १४ अफू आणि दारूसाठी लिहिला गेला, हे जुन्या नियमावलीत त्याच पानावर आहे. तो नियम योग्य आहे. ज्याचा हात कापतो त्याच्या हाती पाते देऊ नये. माझा हात कापत नाही. वाटल्यास पाण्याने काठोकाठ भरलेला पेला माझ्या तळहातावर ठेवून समितीने हवा तेवढा वेळ बघत बसावे. समितीतील सदस्यांनीही तसेच करून दाखवावे, ही जोडविनंती.

७. येथवर मी चिडून लिहिले. पुढचे चिडून लिहिण्याजोगे नाही. माझा वर्ग दि. ९ सप्टेंबरपासून श्री. आनंद कदम यांच्याकडे दिला गेला, आणि वर्गाच्या वेळेपुरती कपाटाची किल्लीही. आनंदसर लेझीम उत्तम शिकवतात, पण पट्टा त्यांनी कधी हाती धरलेला नाही. मला जमणार नाही, असे त्यांनी आपल्या कार्यालयात सांगितले होते. दसऱ्याच्या प्रात्यक्षिकाची पत्रिका छापून झाली आहे, असे त्यांना उत्तर मिळाले. त्यांनी मुलींना मनगट फिरवायला सांगितले. महोदय, पट्ट्यात कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोळीत जातो, मनगट त्यात वळतच नाही. पाते फिरते ते खांद्यातून. ते कळायला मुलींना माझ्याकडे सहा महिने नुसत्या काठीवर काढावे लागतात. दि. १८ रोजी सकाळी शलाका मोहिते, वय तेरा, मनगट वळवायला गेली, पाते डाव्या हातावर आले. तीन टाके पडले. थोडक्यात निभावले म्हणायचे. आनंदसरांना दोष देऊ नये. ते दवाखान्यात तिच्या आईच्या शेजारी मान खाली घालून बसले होते.

८. सबब माझे म्हणणे असे. व्यसनींच्या यादीतून माझे नाव काढावे. ते जमत नसेल तर राहू द्यावे, मला त्याची लाज वाटत नाही. कपाटाची किल्ली तेवढी द्यावी. कॉफी सोडल्याचे हमीपत्र आपण मागितले आहे, ते मी देणार नाही. आजही देणार नाही, दसऱ्याच्या आदल्या दिवशीही देणार नाही. सोमवारी घटस्थापना आहे. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मैदानावर येऊन वर्ग घेणार आहे. किल्ली आली तर पट्ट्याने, नाही आली तर काठीने. यासाठी मी आपली परवानगी मागत नसून आपणांस कळवीत आहे. खांदा तयार झाल्याशिवाय एकाही मुलीच्या हाती पाते जाणार नाही, आणि त्यापायी यंदा प्रात्यक्षिक झाले नाही तर होणार नाही. पत्रिका छापली आहे, ही अडचण मुलीच्या हातापेक्षा मोठी नाही.

९. काल संध्याकाळी मी शलाकाच्या घरी गेले होते. तिने हात उशीवर ठेवला होता. मला म्हणाली, "काकी, माझं चुकलं का? ऑफिसातले म्हणतात, मी लक्ष दिलं नाही." मी तिला सांगितले की तुझे काही चुकले नाही. हेच तिला संस्थेच्या कागदावर, आपल्या सहीशिक्क्याने, सोमवारच्या आत कळवावे. या अर्जातल्या बाकी सर्व मागण्या फेटाळल्यात तरी ही एक फेटाळता येणार नाही.

आपली, अजून नम्र असलेली,

(सही)
विजयमाला बळवंतराव जगताप
पट्टा शिक्षिका, मुलींचा विभाग

सोबत :
१. आहारतज्ज्ञ रसिकाताई यांच्या हस्ताक्षरातील आहारतक्ता.
२. उपसमितीच्या सभेचे इतिवृत्त (चहाच्या नोंदीखाली रेघ माझी).
३. जुन्या नियमावलीतील नियम १४ चे पान.
४. शलाका मोहिते हिच्या टाक्यांची दवाखान्याची चिठ्ठी.